आलेले पत्र हरवू नये: ईमेल सर्व्हरसाठी स्पॅम फिल्टर निवडताना

विरारच्या पश्चिमेला, आगाशी-बोळींजच्या शेजारी असलेल्या नंदाखालसारख्या गावात संस्थांना तोटा नाही. चर्चचे कार्यालय आहे, शाळा आहे, पतपेढ्या, हाउसिंग सोसायट्या आणि सांस्कृतिक मंडळे आहेत. अशी संस्था एक दिवस स्वतःच्या नावाचे डोमेन घेते आणि त्या नावाने मेल सुरू करते. थोड्याच दिवसांत आयकर खात्याच्या नावाने बनावट नोटिसा, ‘पार्सल अडकले आहे’ असे कुरियरचे निरोप आणि कोणी न मागितलेल्या कर्जांच्या जाहिराती यायला लागतात. मग कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघतो की एखादा चांगला स्पॅम फिल्टर बसवून घ्या. चांगला म्हणजे कोणता, आणि तो कोणत्या मापाने ठरवायचा, याचा हा आढावा.

फिल्टर दोन तऱ्हांनी चुकतो. कधी स्पॅम आत सोडतो, तर कधी खरे पत्र अडवतो. पहिली चूक लगेच डोळ्यांसमोर येते आणि तिच्याबद्दल तक्रारही होते. दुसरी कोणाला कळतच नाही. मस्कतला नोकरी करणाऱ्या मुलाने बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी चर्चला लिहिले आणि ते पत्र फिल्टरने गिळले, तर चर्चला वाटते कोणी लिहिलेच नाही आणि मुलाला वाटते कोणी दखल घेतली नाही. म्हणून प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न विचारणार आहे: हा चुकला तर ते कोणाला, किती लवकर कळेल?

दार मुळातच उघडे

ईमेल ज्या एसएमटीपी नियमावलीवर चालते ती 1982 सालची, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेली. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या आणि सगळे एकमेकांना ओळखत. पाठवणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे मानायचे, अशीच ती रचना होती. त्याआधीच, मे 1978 मध्ये, डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली होती. तीच पहिली स्पॅम मेल मानली जाते. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले आणि हे उघडे दारही त्याच्यासोबत आले.

कायद्याचा आधार पाहू गेले तर गोष्ट आपल्याच जिल्ह्यापाशी येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ मध्ये एक उपकलम ईमेलबद्दल होते. त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याच्या ओळखीबद्दल फसवण्यासाठी मेल पाठवणे हा त्यानुसार गुन्हा होता. पण नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, देशभर संताप उसळला आणि श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने संपूर्ण कलम रद्द केले. अभिव्यक्तीच्या दृष्टीने तो निकाल योग्यच होता. मात्र त्याबरोबर ईमेल स्पॅमला लागू होणारी तरतूदही गेली आणि ती जागा रिकामी राहिली. एसएमएस आणि फोनसाठी ट्रायचे 2018 चे नियम आहेत, ईमेलसाठी तसे काही नाही. फसवणूक झाली तर 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण नुसती अनाहूत मेल रोखायची असेल तर ती आपल्याच सर्व्हरवर रोखावी लागते.

दारावरची चौकशी

सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक काम मेल आत येण्याआधीच होते. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर वापरत असाल, तर त्याच्यासोबतची पोस्टस्क्रीन ही सोय जोडणी येताच स्वागताची अर्धीच ओळ पाठवते आणि साधारणपणे 6 सेकंद थांबते. रीतसर सर्व्हर पूर्ण ओळ येईपर्यंत गप्प बसतो. हजारो पत्ते उरकायच्या घाईत असलेला बॉट मात्र आधीच बोलू लागतो आणि तिथेच पकडला जातो.

पुढची पायरी काळ्या याद्यांची, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्यांची. स्टीव्ह लिनफर्ड यांनी 1998 मध्ये सुरू केलेली स्पॅमहाउस ही त्यातली सर्वांत जास्त वापरली जाणारी. ती कशी चालते ते जवळून पाहू. 203.0.113.45 या पत्त्यावरून जोडणी आली, तर आपला सर्व्हर तो आकडा उलटा करून 45.113.0.203 असा लिहितो, त्यापुढे स्पॅमहाउसच्या झेन यादीचे नाव लावतो आणि हे नाव कुठे राहते असे डीएनएसला विचारतो. उत्तर आले नाही तर पत्ता यादीत नाही. 127.0.0 ने सुरू होणारे उत्तर आले तर तो यादीत आहे.

इथे एक खड्डा आहे. ही विचारपूस गूगलच्या 8.8.8.8 सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत केली, तर स्पॅमहाउस खरे उत्तर देत नाही. 127.255.255.254 असा खुणेचा आकडा परत येतो. ‘कोणतेही उत्तर आले की नकार द्या’ असे लिहून ठेवलेला सर्व्हर त्या क्षणापासून जगातली प्रत्येक मेल परत पाठवू लागतो. म्हणून सर्व्हरवर अनबाउंडसारखा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवावा आणि कोणत्या उत्तराला नकार द्यायचा ते स्पष्ट लिहावे. फुकट वापराची मर्यादाही वाचून घ्यावी, ती लहान आणि बिगरव्यापारी वापरासाठी आहे.

याद्याही बंद पडतात. ओआरडीबी ही यादी 2006 च्या अखेरीस बंद झाली. तरी अनेक सर्व्हर तिला विचारतच राहिले, आणि मार्च 2008 मध्ये तिने प्रत्येक पत्त्याला ‘यादीत आहे’ असे उत्तर द्यायला सुरुवात केली. सॉर्ब्ज ही जुनी यादी जून 2024 मध्ये बंद झाली. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून दिलेली मांडणी आजही तशीच चालू असेल, तर पहिले काम तिच्यातल्या याद्या तपासण्याचे.

ग्रेलिस्टिंग ही 2003 मध्ये एव्हान हॅरिस यांनी मांडलेली युक्ती. अनोळखी सर्व्हरला ‘आत्ता नको, थोड्या वेळाने ये’ असे 451 चे उत्तर द्यायचे. खरा सर्व्हर परत येतो, बॉट बहुधा येत नाही. पण मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर दुसऱ्याच पत्त्यावरून परत येतात आणि ओटीपीची मेल मुदत संपल्यावर पोचते. शिवाय या युक्तीचा भार पडतो तो पहिल्यांदा लिहिणाऱ्यावर. मूळचे नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे संपादित केलेल्या ‘सुवार्ता’सारख्या मासिकाचा विचार करा. नवा वाचक, नवा लेखक हाच तर त्याचा प्राण. अशा ठिकाणी सरसकट ग्रेलिस्टिंग नको. संशय आलेल्या मेलपुरतेच ते ठेवावे.

ओळखपत्र तपासणे

एसपीएफ सांगते की या डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकते. डीकिम पत्रावर डिजिटल सही करते. या दोन्ही तपासण्या फसल्या तर काय करायचे, हे डोमेनचा मालक डीमार्कमध्ये जाहीर करतो. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली. गूगलपुरती ही रेषा दिवसाला 5000 मेलची आहे.

वसईसाठी हा विषय परका नाही. 1918 पासून चालत आलेल्या बसीन कॅथॉलिक बँकेसारख्या सहकारी बँका इथल्या व्यवहाराचा कणा आहेत. रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2019 च्या परिपत्रकात नागरी सहकारी बँकांना स्वतःचे ईमेल डोमेन, फिशिंग व मालवेअरपासून संरक्षण आणि डीमार्कची अंमलबजावणी करायला सांगितले. पुढे सर्व बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जाण्याचा आदेश निघाला. बँकेच्या नावाने आलेली मेल या डोमेनची नसेल तर तिला जादा संशयगुण द्यायचा, असा नियम आता कोणत्याही गावच्या सर्व्हरवर लिहिता येतो.

मात्र ओळख पटली म्हणजे माणूस प्रामाणिक ठरत नाही. भामटेही नवे डोमेन विकत घेऊन तिन्ही नोंदी व्यवस्थित करतात. उलट, साधी मेल पुढे पाठवली तरी एसपीएफ मोडते. शाळेच्या पत्त्यावरची मेल परस्पर आपल्या जीमेलकडे वळवणाऱ्या शिक्षकांमुळे हा घोळ रोज होतो, आणि वळवलेल्या स्पॅमचा ठपकाही शाळेच्या सर्व्हरवर येतो. त्यामुळे ओळखपत्राची तपासणी निर्णयाचा एक भाग असावी, संपूर्ण निर्णय नव्हे.

मजकूर वाचणारे फिल्टर

मोफत आणि खुल्या फिल्टरांमध्ये आज खरी निवड दोघांतच आहे. स्पॅमअसॅसिन 2001 मध्ये जस्टिन मेसन यांनी प्रसिद्ध केला. आज तो अपाचे प्रतिष्ठानाचा प्रकल्प आहे. शेकडो नियम पत्राला गुण देतात, बेरीज 5 वर गेली की पत्रावर स्पॅमचा शिक्का बसतो. तो स्वतः काहीच फेकून देत नाही, ते काम त्याला जोडलेली दुसरी यंत्रणा करते. त्याचा मोठा गुण म्हणजे पारदर्शकता: कोणत्या नियमाने किती गुण दिले ते पत्राच्या शीर्षभागात ओळीने लिहिलेले असते.

आरस्पॅमडी हा व्हसेव्होलॉद स्ताखोव यांचा, सी भाषेत लिहिलेला आणि त्यामुळे वेगवान. नियमांसाठी लुआ, साठवणीसाठी रेडिस, आणि ब्राउझरमध्ये उघडणारे नियंत्रण-पान. मूळ मांडणीत 4 गुणांना ग्रेलिस्टिंग, 6 ला शिक्का आणि 15 ला थेट नकार अशा तीन पायऱ्या आहेत. संशय, खात्री आणि पूर्ण खात्री यांना वेगवेगळी वागणूक देण्याची ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. गुणांची मापे मात्र निराळी आहेत. स्पॅमअसॅसिनचे 5 आणि आरस्पॅमडीचे 6 यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

दोघांच्याही गाभ्यात बेझची पद्धत आहे. 18 व्या शतकातील थॉमस बेझ यांचे संभाव्यतेचे गणित स्पॅमसाठी कसे वापरावे, हे पॉल ग्रॅहॅम यांनी ऑगस्ट 2002 च्या निबंधात मांडले आणि ते सर्वत्र पोचले. आपल्या मेलमधले कोणते शब्द स्पॅममध्ये येतात आणि कोणते खऱ्या पत्रांत, हे फिल्टर मोजत राहतो. दोन्ही फिल्टर मूळ मांडणीत किमान 200 स्पॅम आणि 200 खरी पत्रे शिकल्याशिवाय या मोजणीवर बोलत नाहीत. दिवसाला काहीशे मेल येणाऱ्या संस्थेत वेगाचा फरक जाणवणारही नाही. शिकवणीचा फरक मात्र जाणवतो.

मराठी पत्रांचे काय

फिल्टरांची बाहेरची परीक्षणे बहुधा इंग्रजी मेलवर बेतलेली असतात, त्यामुळे हा भाग त्यांत सापडत नाही. देवनागरीतले एक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेते. ‘ग्रामपंचायत’ या शब्दात अशी 11 चिन्हे आहेत, म्हणजे 33 बाइट. इंग्रजी शब्दांच्या लांबीवर बेतलेल्या यंत्रणेला एवढा शब्द अवजड वाटतो. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या स्पॅमअसॅसिन 4.0 मध्ये इंग्रजीखेरीजच्या भाषांचा मजकूर हाताळण्यात मोठी सुधारणा झाली. म्हणून मराठीत काम करणाऱ्या संस्थेने त्याआधीची आवृत्ती वापरू नये.

मराठी मजकूर बऱ्याचदा बेस64 या सांकेतिक रूपात प्रवास करतो. त्यात काही वावगे नाही. पण पाठवणाऱ्या प्रणालीने अक्षरसंच नीट जाहीर केला नसेल, तर ‘मजकूर लपवला आहे’ असा नियम लागतो आणि गुण वाढतात. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा मेलमध्ये चिकटवला, तर फिल्टरला रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडीच दिसते. कार्यक्रमाचे निमंत्रण नुसत्या जेपीजी चित्राने पाठवले, वर दोन ओळीही लिहिल्या नाहीत, तर स्पॅमअसॅसिनचे ‘फक्त चित्र’ हे नियम लागू होतात. निमंत्रणात तारीख, वेळ आणि स्थळ अक्षरांत लिहिण्याची सवय लावली तर निम्मे काम होते.

भाषा ओळखणारा टेक्स्टकॅट हा जोडभाग स्पॅमअसॅसिनसोबत येतो. त्याच्या यादीत मराठी आहे, तशीच हिंदी, नेपाळी आणि संस्कृतही. पण कोणी उत्साहाने ‘फक्त इंग्रजी चालेल’ असे लिहून ठेवले तर प्रत्येक मराठी पत्राला दंड बसतो. नंदाखालच्या परिसरात सामवेदी समाजाची कादोडी बोली घरोघर बोलली जाते. ती त्या यादीत नाही. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीचाही तिथे भरवसा नाही. इथे भाषेवरून अडवण्याचा नियम बंदच ठेवावा.

शिकवणीत एक सापळा दोन्ही बाजूंनी आहे. खऱ्या पत्रांच्या नमुन्यात फक्त इंग्रजी पत्रके घातली, तर मराठी पत्राला ओळख मिळत नाही. उलट स्पॅमचे सगळे नमुने इंग्रजी आणि खरी पत्रे तेवढी मराठी असतील, तर मराठी दिसले की विश्वास ठेवा असे फिल्टर शिकतो. मग अस्खलित मराठीत लिहिलेले ‘तुमचे केवायसी संपले आहे’ हे पत्र बिनदिक्कत आत येते. यंत्राकडून मराठी लिहून घेणे सोपे झाल्यामुळे अशी पत्रे वाढणार. म्हणून मराठी फसवी पत्रे वेगळी जपून ठेवावीत आणि मुद्दाम शिकवावीत.

तयार संच आणि भाड्याच्या सेवा

सुटे भाग जोडायला माणूस नसेल तर तयार संच आहेत. मेलकाऊमध्ये आरस्पॅमडी असतो. प्रॉक्समॉक्स मेल गेटवे हा पोस्टफिक्स, स्पॅमअसॅसिन आणि क्लॅमएव्ही यांना एकत्र बांधून सध्याच्या सर्व्हरच्या पुढे उभा राहतो. क्लॅमएव्ही व्हायरस तपासतो, पण मेमरी बरीच खातो. अगदी लहान भाड्याच्या सर्व्हरवर तो गुदमरतो.

भाड्याच्या सेवांमध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, चेन्नईची झोहो, पुण्याची मिथी असे पर्याय आहेत. केंद्र सरकारची एनआयसीची मेलही आता झोहोच्या मंचावर गेली आहे. गूगल 99.9 टक्क्यांहून अधिक स्पॅम अडवतो असा त्याचा दावा आहे. जगभरचे नमुने हाताशी असल्यामुळे मोठ्या सेवा नवी लाट लवकर ओळखतात, हे खरेच. पण एखादे पत्र का अडले हे तिथे ओळीने कळत नाही, आणि सभासदांचा पत्रव्यवहार दुसऱ्याच्या हाती जातो.

फिल्टर स्वतःच दार बनू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. 2022 मध्ये झिंब्रा मेल सर्व्हरमधल्या तपासणी यंत्रणेत, जोडलेल्या फाइली उलगडण्यासाठी ती वापरत असलेल्या सीपीआयओ या साधनामुळे, अशी फट सापडली की नुसती एक खास बनवलेली फाइल मेलने पाठवून सर्व्हर ताब्यात घेता येई. कोणी ती उघडण्याचीही गरज नव्हती. 2023 मध्ये बॅराकुडाच्या मेल सुरक्षा यंत्रांत तसेच झाले आणि कंपनीने बाधित यंत्रे बदलूनच घ्यायला सांगितली. वेळेवर अपडेट न होणारा उत्तम फिल्टर हा साध्या फिल्टरपेक्षा धोकादायक.

कोणी काय निवडावे

ज्या शाळेत किंवा चर्च कार्यालयात तांत्रिक माणूस नाही, त्यांनी स्वतःचा सर्व्हर चालवू नये. पात्र शाळांना गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या शैक्षणिक सेवा मोफत मिळतात, त्या घ्याव्यात. फक्त डोमेनची मालकी संस्थेच्या नावावर ठेवावी.

आठवड्यातून काही तास देणारा जाणकार असेल तर पोस्टफिक्स आणि आरस्पॅमडी, किंवा मेलकाऊ. सर्व्हर गावात न ठेवता डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावा. घरगुती ब्रॉडबँडचे पत्ते स्पॅमहाउसच्या यादीत बहुधा आधीच असतात. जुलै 2018 च्या पुरात वसई-विरारची वीज कशी गेली तेही आपण पाहिले आहे. सर्व्हर काही तास बंद पडला तरी घाबरू नये, पाठवणारे सर्व्हर साधारण 5 दिवसांपर्यंत प्रयत्न करत राहतात. त्या भीतीने बिनफिल्टरचा दुसरा पर्यायी सर्व्हर उभा केला तर स्पॅमवाले नेमके तिथूनच शिरतात.

ज्यांचा स्पॅमअसॅसिन नीट चालला आहे त्यांनी केवळ नवे म्हणून बदलू नये. नवी आवृत्ती, ताजे नियम आणि मराठी शिकवण एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

पतपेढी आणि बँकेची गोष्ट वेगळी. तिथे आत आलेले एक फसवे पत्र लाखांचे नुकसान करते, म्हणून करारबद्ध सेवा, डीमार्कचे कडक धोरण आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे 180 दिवसांच्या नोंदी हव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाते क्रमांक बदलल्याची मेल आली तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करूनच ती मानायची. हा नियम कोणत्याही फिल्टरपेक्षा जास्त पैसे वाचवतो.

सगळ्यांसाठी मांडणी एकच. पूर्ण खात्रीचा स्पॅम दारातच 550 च्या उत्तराने नाकारावा आणि त्या उत्तरात कारण व कार्यालयाचा फोन नंबर द्यावा. मग चुकून अडलेल्या खऱ्या माणसाला आपले पत्र पोचले नाही हे लगेच कळते. संशयित पत्र स्पॅम फोल्डरमध्ये जावे. एकदा स्वीकारलेले पत्र नंतर परत पाठवू नये, कारण स्पॅमवर खोटा पत्ता असतो आणि ते परतीचे पत्र भलत्याच माणसाच्या डोक्यावर पडते. आणि कोणतेही पत्र गुपचूप नष्ट करू नये. पहिला महिना फिल्टरला फक्त शिक्के मारू द्यावेत आणि दोन्ही प्रकारच्या चुका वहीत मांडाव्यात. जाणाऱ्या मेललाही फिल्टर लावावा, कारण एका कारकुनाचा पासवर्ड फुटला की रातोरात आपलाच पत्ता काळ्या यादीत जातो.

स्पॅमअसॅसिन की आरस्पॅमडी, भाड्याची सेवा की स्वतःचा सर्व्हर, या प्रश्नाचे उत्तर शेवटी एका गोष्टीवर ठरते: दर आठवड्याला स्पॅम फोल्डर उघडून त्यातली खरी पत्रे बाहेर काढणारा आणि फिल्टरला ती चूक शिकवणारा माणूस संस्थेकडे आहे का? असेल तर वरीलपैकी कोणताही नीट जपलेला फिल्टर पुरेसा आहे. नसेल तर सगळ्यात महागडाही अपुरा पडेल. म्हणून कार्यकारिणीने ठराव करताना फिल्टरच्या नावाआधी त्या माणसाचे नाव लिहावे, त्याच्या वेळेची तरतूद करावी आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत त्याला एकच प्रश्न विचारावा: या महिन्यात आपण कोणाचे खरे पत्र अडवले?